एक पिशवी, एक रोप

"म्याडम, ही बी काढाची का?"

शेवंतानं पिशवीतलं एक रोप दोन बोटांत धरून मला विचारलं. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत मधोमध चंदनाचं रोप होतं, वीतभर उंच. त्याला अगदी खेटून, कडेला, तुरीचं रोप उभं होतं. तूर चंदनापेक्षा चार बोटं वर गेली होती आणि तिची पानं चंदनाच्या डोक्यावर आली होती.

"काढायची. पिशवीत एकच रोप. भिंतीवर लिहिलंय ना?"

भिंतीवर लिहिलेलं होतंच. पाण्याच्या पंपाच्या खोलीवर, निळ्या ऑइलपेंटनं, हातभर उंचीच्या अक्षरांत: एक पिशवी, एक रोप. रोपवाटिका ज्या संस्थेची, तिचे सचिव उमरकर गुरुजी बत्तीस वर्षं हेडमास्तर होते. ते अक्षर त्यांचंच.

"पण माय म्हणे, तूर राहू द्या."

"कौतिकामाय? का म्हणे?"

शेवंता अडखळली. मग इतर बायकांकडे बघत म्हणाली, "चंदनाले सोबत लागते म्हणे."

बाकीच्या दोघी फिसकन हसल्या. मीही हसले. सकाळीच शेवंतानं मला सांगितलं होतं की चंदनापाशी साप येतो, म्हणून तिची सासू तिला या वाफ्यात काम करू नको म्हणते. मी दोन्ही गोष्टी एकाच पारड्यात टाकल्या.

"झाडाला सोबत लागत नाही, शेवंता. पाणी लागतं. काढ."

तिनं काढली.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. सांगलीहून मोर्शीच्या पुढच्या या रोपवाटिकेत येऊन मला जेमतेम महिना झाला होता. वनस्पतिशास्त्रात पहिला वर्ग, खिशात भिंग, हातात चौकटीची वही. कामाचा हुकूम सहा महिन्यांचा होता. रोपवाटिका खऱ्या अर्थानं चालवायची ती कौतिकामाय. साठीची, बारकी, नऊवारीचा काचा मारून दिवसभर वाफ्यांमधून फिरणारी. मी आले आणि चौथ्या दिवशी ती अमरावतीला लेकीकडे गेली. लेकीचं बाळंतपण आणि स्वतःचा मोतीबिंदू, दोन्ही कामं एकाच फेरीत उरकायची असा तिचा बेत होता. जाताना मला म्हणाली, "पाणी सांजचं दे. बाकी ह्या पोरीयले ठाऊक हाये." एवढंच. तिला वाटलं, शिकलेली पोरगी आहे, हिला काय सांगायचं.

तूर काढायच्या आधी मी मोजणी केली होती. काही काढायचं किंवा घालायचं तर आधी मोजायचं, ही मला कॉलेजात लागलेली सवय. चंदनाच्या पिशव्या एक हजार एकशे चाळीस. त्यांतल्या एक हजार छप्पन्न पिशव्यांत तूर. वहीत मी कारणही लिहिलं: मातीचा ढीग गेल्या हंगामात तुरीच्या खळ्याजवळ असावा, दाणे मातीत मिसळले. मला ते कारण फार आवडलं. ओळीखाली रेघ मारली.

दीड दिवसात वाफे स्वच्छ झाले. पाण्याच्या टाकीमागच्या सदतीस पिशव्या तेवढ्या राहिल्या, कारण तिथल्या पत्र्याखाली गांधीलमाश्यांचं पोळं होतं. "ते नंतर बघू," मी म्हणाले. उपटलेली तूर बायकांनी शेळ्यांसाठी बांधून नेली.

एप्रिल संपता संपता चंदन पिवळं पडू लागलं.

आधी जुनी पानं, मग वरची. मी मोर्शीच्या हार्डवेअरच्या दुकानातून रंगाचं शेडकार्ड मागून आणलं. कारण नुसतं 'पिवळट' लिहून चालत नाही, किती पिवळट ते लिहायला हवं. रोज सकाळी वीस ठरलेल्या रोपांची पानं कार्डाला लावून बघायची आणि क्रमांक टिपायचा. आठवड्याला एकेक घर पिवळ्याकडे सरकत होतं. मी लोह दिलं. युरियाचं पातळ पाणी दिलं. बुरशी असेल म्हणून तेही औषध घातलं. पाणी कमी केलं, मग वाढवलं. मे महिन्यात त्या भागात बेचाळीस-त्रेचाळीस अंश ऊन असतं. मी दुपारी एक वाजता वाफ्याच्या कडेला ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसायची आणि पिवळ्या पानांकडे बघायची. काहीही बदलत नव्हतं.

आणि या रोपांची कुणी वाट बघत नव्हतं असं नाही. सावळापूरच्या एकवीस बायकांनी गावामागच्या उघड्या टेकडीवर खड्डे खणून ठेवले होते. दहा जुलैला त्यांचा ट्रॅक्टर येणार होता. एकदा त्यांतल्या दोघी मुद्दाम रोपं बघायला आल्या. सगळ्या वाफ्यांमधून फिरल्या. निघताना एक म्हणाली, "म्याडम, ह्याइचा रंगच असा असते का?"

मी "हो" म्हणाले नाही. "बघते" म्हणाले.

गुरुजींनी अहवाल मागितला. मी सहा पानं लिहिली, दोन परिशिष्टं जोडली. निष्कर्ष असा: मातीच्या मिश्रणात दोष. पुरावा असा: टाकीमागच्या सदतीस पिशव्या हिरव्या आहेत, कारण तिथे टाकीची ओल झिरपते आणि दोष सौम्य होतो.

गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "माती कोणी कालवली होती?"

"कौतिकामायनं."

हे खरंच होतं. माती तिनंच कालवली होती.

"म्हणजे डोळ्यांनी दिसत नाही आणि माती कालवते." त्यांनी अहवाल घडी करून खिशात ठेवला. "वीस वर्षं केलं तिनं. पुरे आता. परत आली की मी सांगतो, घरी बस म्हणून. आणि ही रोपं एक तारखेला टाकून द्या, बाई. बांबू भरू. सावळापूरच्यांना बांबू घ्यायला सांगू."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "बरं, गुरुजी."

कौतिकामाय वीस मेला परत आली. एसटीतून उतरून घरी न जाता थेट रोपवाटिकेत. डोळ्यांवर ऑपरेशनचा गडद हिरवा चष्मा, कडेनेही झाकणारा.

"बाप्पा, किती उन्हाची बसली तू," ती मला म्हणाली. "चेहरा पाह्य कसा झाला."

"माय, चंदन पिवळं पडलंय."

"असंन. मले तर आता सगळं जगच हिरवं दिसते." तिनं चष्म्याला बोट लावलं. "कोणत्या वाफ्यात?"

"सगळ्याच."

ती पहिल्या वाफ्यापाशी उकिडवी बसली. रंग तिला कळत नव्हताच. तिनं पान दोन बोटांत घेऊन चोळलं, सोडून दिलं. मग हात पिशवीच्या तोंडाशी नेला आणि काठाकाठानं बोटं फिरवली. दुसऱ्या पिशवीत फिरवली. तिसऱ्या.

"तूर कुठं हाये?"

मी म्हणाले, "काढली."

"कोणं?"

शेवंता पाण्याची नळी धरून उभी होती. तिनं नळी तशीच सोडली आणि पाणी वाटेवर वाहू लागलं.

"मी काढायला सांगितली," मी म्हणाले. "तण होतं ते. मातीतून आलं होतं."

"मातीतून?" कौतिकामायनं तोंड माझ्याकडे वळवलं. चष्म्यामागे तिचे डोळे दिसत नव्हते. "वो पोरी, मीनं एकेक दाना बोटानं दाबला. हजाराच्या वर पिशव्या. चार दिवस माह्या बोटाचं नख काळं होतं. मातीतून येत असते का असं, एका पिशवीत एकच, अन् तेही कडेलेच?"

वही माझ्या हातातच होती. एक हजार एकशे चाळीस पिशव्या, एक हजार छप्पन्नांमध्ये तूर. प्रत्येकीत एकच. कडेला. खळ्यातून मिसळलेले दाणे एका पिशवीत चार पडतात, दुसरीत एकही नाही. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले होते. आकडा माझ्यासमोर होता आणि मी त्याच्याखाली रेघ मारून पुढे गेले होते.

"पण कशासाठी लावली?" मी विचारलं. खरं म्हणजे विचारतानाच उत्तर मला कळू लागलं होतं.

"टाकीमांगच्या काढल्या का?"

"नाही. तिथे पोळं होतं."

"मंग एक आन."

मी जाऊन एक पिशवी आणली. गांधीलमाशी चावली तीही त्या वेळी कळली नाही. कौतिकामायनं विळ्यानं पिशवी उभी चिरली आणि मातीचा गोळा बादलीत बुडवला. हलक्या हातानं माती सोडवत राहिली. पाणी गढूळ झालं, मग दुसरी बादली, मग तिसरी. शेवटी तिच्या तळहातावर दोन झाडांची मुळं एकमेकांत अडकलेली उरली.

"आता तुहं भिंग काढ. मले तर नुसतं चाचपून ठाऊक हाये. गाठ लागते हाताले."

मी भिंग लावलं. चंदनाच्या बारीक मुळावर टाचणीच्या डोक्याएवढी पांढरट बटणं होती. प्रत्येक बटण तुरीच्या मुळावर घट्ट बसलेलं, कडा पसरून, जणू ओठ टेकलेले. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत ही आकृती मी काढली होती. चंदन: आंशिक मूळ-परजीवी. शोषक मुळं दाखवा, नावं द्या. आठ गुण होते. मला साडेसात मिळाले.

"म्याडम, काय दिसते?" शेवंतानं विचारलं.

"चंदन तुरीच्या मुळातून पाणी पितंय," मी म्हणाले. "आणि अन्नही घेतंय. त्याची स्वतःची मुळं पुरेशी नसतात."

"सोबत लागते म्हनलं होतं ना मीनं," शेवंता म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. असता तर तो तिचा हक्कच होता.

पुस्तकात चंदन जंगलात होतं, मोठ्या झाडांच्या शेजारी. पुस्तकातलं चंदन काळ्या पिशवीत कधी आलंच नाही. मी तिथेच खाली बसले. "मेली का हो ही सगळी, माय?"

"मरतीन काहून? उपाशी हायेत, मेली नाईत. चल, तूर भिजू घाल. कोठीत डबा हाये, खालच्या फळीवर."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आम्ही पाचजणी बसलो. पेन्सिलीनं भोक, भिजलेला दाणा, वरून चिमूटभर माती. कौतिकामाय अंदाजानं करायची तरी तिचा दाणा माझ्या दाण्यापेक्षा नेमका पडायचा. हात चालू असताना तिनं मला बोलतं केलं. मी तिला सांगितलं की जिवांच्या सोबतीचे तीन प्रकार मानतात. दोघांचाही फायदा, हा एक. तुरीच्या मुळांवर ज्या गाठी असतात त्यांत सूक्ष्म जीव राहतात, ते हवेतलं खत धरून तुरीला देतात आणि तूर त्यांना साखर देते. मी धुतलेल्या मुळावरची एक गाठ नखानं फोडून दाखवली. आतून गुलाबी.

"अन् चंदन?"

"तो दुसरा प्रकार. एकाचा फायदा, दुसऱ्याचं नुकसान. चंदन घेतं, देत काही नाही."

"चोर हाये म्हना की मंग." ती हसली. "अन् तिसरा?"

"एकाचा फायदा, दुसऱ्याला ना नफा ना तोटा. म्हशीमागून बगळा चालतो. तिच्या पायानं उडालेले किडे खातो. म्हशीला काही फरक पडत नाही."

"असं कोनी म्हनते?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक लिवनाऱ्यानं म्हैस नाई पाळली." तिनं पुढच्या पिशवीत दाणा दाबला. "बगळा पाठीवर बसला की म्हैस कान हालवाची थांबते. माश्या कमी होतात तिच्या. तुले नाई दिसत म्हनून नाई असं थोडी असते."

मी ते वहीत लिहून घेतलं. मग हाताला काम असताना बोलणं सोपं जातं, म्हणून म्हणाले, "माय, मी गुरुजींना लिहून दिलंय की माती खराब होती. ते तुला घरी बसवणार आहेत."

तिचा हात थांबला नाही. "ठाऊक हाये. एसटीतच कळलं."

"मी सांगते त्यांना."

"आताच नको सांगू. तूर उगवू दे, चंदनानं ती धरू दे. हिरवं झालं की सांगजो. थ्या मानसाले हिरवं दाखवल्याबिगर पटत नाई."

मला हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं. गुरुजींची एक तारीख मी सोयीनं विसरले; महिनाभराची मुदत मिळाली असं वाटलं.

ती अकरा दिवसच टिकली. एक जूनला सकाळी नऊ वाजता गुरुजी आले. तूर उगवली होती, बोटभर, प्रत्येक पिशवीत दोन कोवळी पानं. चंदन होतं तसंच पिवळं. गुरुजी पहिल्या वाफ्यापाशी थबकले.

"हे काय? टाकून द्या म्हटलं होतं ना? आणि पिशवीत दोन दोन झाडं?" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "काय लिहिलंय तिथे? शेवंता, उपट ही तूर आधी. मग पिशव्या रिकाम्या करा."

शेवंता माझ्याकडे बघत राहिली. कौतिकामाय पुढे सरकली. "गुर्जी, माह्यं ऐका—"

"तुझं नंतर ऐकतो. शेवंता!"

शेवंता वाकली. तिनं तुरीचं एक रोप दोन बोटांत धरलं. अगदी तसंच, जसं दोन महिन्यांपूर्वी धरलं होतं.

"थांब," मी म्हणाले. "गुरुजी, ती तूर काढायची नाही."

"का?"

"चंदनाला सोबत लागते."

बोलल्यावर मला कळलं की मी काय बोलले. गुरुजींच्या भुवया वर गेल्या. मी घाईनं सगळं सांगितलं: मुळं, बटणं, गाठी. त्यांना टाकीमागे नेलं, हिरव्या पिशव्या दाखवल्या.

"ह्या ओलीमुळे हिरव्या आहेत," ते म्हणाले. "तुमच्याच अहवालात आहे. परिशिष्ट दोन."

"अहवाल चुकीचा आहे, गुरुजी. मातीत दोष नव्हता. तूर मायनं मुद्दाम लावली होती, एकेक दाणा. मी तण समजून उपटली. शेवंतानं सांगितलं होतं तरी उपटली. त्यानंतर ही पिवळी पडली."

ते माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यभर मुलांच्या चुका ऐकलेला माणूस होता तो. खरं बोलणाऱ्याकडे आणि खोटं बोलणाऱ्याकडे बघायची त्यांची नजर एकच असावी, कारण मला काहीच अंदाज येईना.

"हे लिहून द्याल?"

"देईन."

"आता?"

मी पंपाच्या खोलीत बसून अर्धं पान लिहिलं. परिशिष्ट नव्हतं. गुरुजींनी ते उभ्यानंच वाचलं आणि पहिल्या अहवालासोबत खिशात ठेवलं.

"पंचवीस तारीख. तोपर्यंत हिरवी झाली नाहीत तर बांबू. आणि मग तुमच्याबद्दलही विचार करावा लागेल, बाई."

"आणि माय?"

"तिच्याबद्दल काय? माती चांगली होती म्हणता ना?"

ते गेल्यावर कौतिकामाय माझ्यावर उखडली. "हिरवं झाल्यावर सांग म्हनलं होतं ना! आता नाई झालं तर तू बी गेली अन् चंदन बी गेलं." मग थोड्या वेळानं तिनं गुळाचा खडा आणून माझ्या हातावर ठेवला.

त्यानंतरचे दिवस मी शेडकार्डाच्या घरांवर मोजले. पाच जून, काही नाही. दहा जून, काही नाही. तूर वीतभर झाली, तिचे शेंडे आम्ही खुडत होतो. पंधरा जूनला एक रोप कार्डावर अर्धं घर मागे सरकल्यासारखं वाटलं. मी ते लिहिलं नाही. मला हवं होतं म्हणून दिसत असेल, अशी भीती. अठराला मी एक पिशवी चिरावी म्हटलं, तर कौतिकामाय ओरडली, "रोज उकरून पाह्यतं का कोनी?"

बावीस तारखेला सकाळी मी तिसऱ्या वाफ्यात होते. कौतिकामाय पहिल्या वाफ्यापाशी उभी होती. डॉक्टरांनी महिनाभर सांगितलेला हिरवा चष्मा ती अजूनही लावायची, उन्हात गार वाटतं म्हणून.

"पोरी, इकडं ये."

"काय झालं?"

"शेंड्यावरची पानं मले वेगळी दिसून रायली. जास्त हिरवी. का हा चष्म्याचा रंग हाये?"

मी धावले. कार्ड काढण्याआधीच तिनं माझा हात धरला. "थांब. आधी मले पाहू दे."

तिनं चष्मा काढला. ती परत आल्यापासून मी तिचे डोळे पहिल्यांदाच नीट पाहिले. उजेडानं पाणावलेले, बारीक केलेले. ती वाकली, नाक पानाला लागेल इतकी. मग शेजारच्या रोपाकडे, मग त्याच्या पलीकडच्या. पूर्ण ओळ तिनं अशी वाकूनच संपवली आणि टोकाला जाऊन कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"हिरवंच हाये वो," ती म्हणाली.

मी कार्ड लावलं. वीसपैकी सतरा रोपांची नवी पानं हिरव्या घरात होती. मी आकडा लिहिला, आणि मग मला लिहिता येईना, म्हणून वही शेवंताकडे दिली. तिला लिहिता येत नव्हतं. तिनं वही छातीशी धरली आणि दुसऱ्या हातानं माझ्या पाठीवर थोपटत राहिली, मी लहान मूल असल्यासारखं.

दहा जुलैला सावळापूरचा ट्रॅक्टर आला. एक हजार त्र्याण्णव रोपं गेली, प्रत्येक पिशवीत तूर. ट्रॉली भरत असताना गुरुजी आले, सोबत रंगाचा डबा आणि ब्रश. ते थेट पंपाच्या खोलीकडे गेले. निळ्या अक्षरांखाली थोडी जागा होती, तिथे त्यांनी बारीक अक्षरांत दोन शब्द लिहिले, ब्रश पुसला आणि निघून गेले.

कौतिकामायला वाचता येत नव्हतं. ती भिंतीसमोर उभी राहिली. "काय लिवलं त्याइनं?"

"'चंदन वगळून.'"

"म्हंजे?"

"म्हणजे चंदनाला सोबत लागते."

"थे तर मी कवाचीच सांगत होती," ती म्हणाली आणि ट्रॉलीतल्या कोपऱ्यातली पिशवी सरळ करायला वळली.